दोन कार्ब्युरेटर लावलेली जुनी शेवरोले सिक्स ट्रॅफिकमध्ये तापून बंद पडते, त्याचं निदान आणि इलाज

तक्रार ठरलेलीच असते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, पाम बीच रोडवर झकास पळते, पिकअपही कामाआधीपेक्षा सुधारलेला असतो. संध्याकाळी ठाण्यात माजिवड्याहून कापूरबावडी आणि पुढे मानपाड्याकडे रांगायला लागली की पंधरा-वीस मिनिटांत स्लो-रनिंग डगमगायला लागतं, पेट्रोलचा वास येतो, दोन झटके देऊन इंजिन बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास गेला की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मेकॅनिककडे पोचेपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, त्यामुळे दोष त्याला दिसतच नाही. कार्ब साफ, प्लग नवे, बिल हातात. आणि पुढच्या रविवारी परत तेच.

खालचं सगळं शेवरोलेच्या २१६ आणि २३५ घनइंची सहा सिलिंडर इंजिनांना धरून आहे. जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ शिवडीत गाड्या जोडल्या, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सिक्समध्ये ही इंजिनं भेटतात. डॉज-प्लिमथच्या फ्लॅटहेड सिक्सवाल्यांना निदानाची रीत हीच, आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलचे घ्यावेत. गृहीत धरलेली कामं तीन: जोड-कार्बचा इनटेक मॅनिफोल्ड, पुढचे तीन आणि मागचे तीन असा दुभागलेला एक्झॉस्ट, आणि हेड घासून वाढवलेलं कॉम्प्रेशन.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडला ओतीव बॅबिट (बेअरिंगचा मऊ धातू) असतं आणि त्याला तेल मिळतं ते पळ्यांनी उडवलेलं. हे इंजिन ५० च्या वेगाने दिवसभर चालेल, पण कॉम्प्रेशन वाढवून ते ३,५०० आरपीएमवर ताणलं तर रॉड ठोकायला लागणारच. ताकद हवी असेल तर पाया १९५४ नंतरचा, पूर्ण प्रेशरने तेल फिरवणारा २३५ घ्यावा. २१६ वर दोन कार्ब लावायचे ते दिसण्यासाठी आणि आवाजासाठी, एवढं मनाशी कबूल असावं.

उष्णता येते कुठून

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, आणि कार्ब बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर. मूळ रचनेत ते मुद्दाम तसं आहे. थंड देशात पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून एक्झॉस्टमधला हीट रायझर व्हॉल्व्ह गरम वायू इनटेकच्या तळाशी वळवतो. आपल्याकडे तो व्हॉल्व्ह बहुधा गंजून अडकलेला असतो, आणि ‘गरम’ बाजूला अडकला असेल तर कार्ब बारा महिने चुलीवर. मूळ एक्झॉस्ट कापून दुभागला असेल तर आधी हाच बघा. बाहेरचं वजन हाताने हललं पाहिजे. हलत नसेल तर डिझेलात भिजवून मोकळं करा आणि तारेने ‘थंड’ बाजूला बांधून टाका.

दुसरं कारण लपलेलं असतं. हेड घासल्यावर गाडी येऊरच्या चढावर नॉक करते. मेकॅनिक डेल्को (डिस्ट्रिब्युटर) फिरवून टायमिंग मागे घेतो, नॉक थांबतं, सगळे खूश. पण उशिरा पेटलेला चार्ज एक्झॉस्टमध्ये शिरतो तेव्हाही जळत असतो, त्यामुळे मॅनिफोल्ड जास्त तापतो आणि ती आच थेट कार्बच्या वाटीला (फ्लोट असतो आणि पेट्रोल साठतं ती) लागते.

तिसरं कारण पेट्रोल पंपावर आहे. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) हेच इंजिन आपोआप सात-आठ टक्के ‘कोरडं’, पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं चालतं. चढावरचं नॉक बऱ्याचदा या कोरडेपणाचं असतं. त्यावर इलाज जेटचा होता, केला टायमिंगचा. वर इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि पेट्रोलात मिसळलं की मिश्रणाचा बराच हिस्सा त्याच्याही खालीच वाफ व्हायला लागतो.

या तिन्हींची बेरीज फ्लोटच्या वाटीत होते. म्हणून नुसता कार्ब बदलून दोष जात नाही.

आधी ओळखा, मग पैसे काढा

‘व्हेपर लॉक झालं’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्याखाली दोन वेगळे आजार येतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकात पेट्रोल वाटीत उकळून नॉझलमधून मॅनिफोल्डमध्ये गळतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे जादा पेट्रोलने गुदमरते. दुसऱ्यात पाइपमध्ये किंवा पंपात वाफ अडकते आणि वाटी कोरडी पडते. पहिल्या आजारावर इलेक्ट्रिक पंप बसवला तर आणखी पेट्रोल ढकललं जाऊन गाडी जास्तच ओव्हर होते. आणि लोक सगळ्यात आधी नेमका तोच बसवतात.

गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत ही तपासणी करायची. दोन किलोचं ड्राय पावडर अग्निशामक हाताशी हवं, आणि विडी-सिगारेटवाल्यांना लांब उभं करायचं.

एअर क्लीनर काढा. पॅडलला हात न लावता टॉर्चने दोन्ही कार्बच्या घशात बघा. मुख्य नॉझलच्या टोकाला थेंब जमतोय, थ्रॉटलच्या पाकळीवर टपकतोय, आतून बारीक खदखद ऐकू येतेय, तर पेट्रोल वाटीत उकळतंय. थेंब नसेल तर थ्रॉटल एकदा हाताने झटक्यात उघडा. अॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी सणसणीत आली तर वाटीत पेट्रोल आहे. पिचकारी आलीच नाही किंवा फुसफुसली तर वाटी रिकामी, म्हणजे दोष पाइप-पंपाकडे. खात्रीसाठी यांत्रिक पंपावर ओला फडका टाका. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर पंपात वाफ अडकली होती. पाइपला कपड्यांचे चिमटे लावायची जुनी युक्ती मात्र बिनकामाची आहे; चिमट्याने पाइप थंड होत नाही.

पिचकारीही आहे, थेंबही नाही आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर करंट बघा. एअर क्लीनर परत बसवून, पेट्रोलचा वास गेल्यावर. प्लगची वायर ब्लॉकपासून ५-६ मिमी धरली की निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली आली तर कॉइलला हात लावून बघा. १९५४ पर्यंतच्या गाड्या मुळात ६ व्होल्टच्या. १२ व्होल्ट करताना डायनॅमो बदलतात, बल्ब बदलतात आणि कॉइल तीच ठेवतात. बॅलास्ट रेझिस्टन्सशिवाय ६ व्होल्टची कॉइल १२ वर चालवली तर ती वीस मिनिटांत भाजते, थंड झाली की परत जिवंत होते. लक्षण हुबेहूब पेट्रोलच्या दोषासारखं! मल्टिमीटरवर प्रायमरी दीड ओमच्या आसपास दिसली तर बॅलास्ट हवाच. तीन ओमची असेल तर थेट १२ व्होल्टवर चालते.

आमच्या मते जोड-कार्बच्या शेवरोलेत पहिला संशय वाटीत उकळण्याचाच धरावा, कारण दोन्ही वाट्या एक्झॉस्टच्या अंगावर येतात आणि मूळ एका कार्बची जागा त्या मानाने सोसवणारी होती. आकडा हवा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण वाटीवर आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. चकचकीत धातूवर हे यंत्र तापमान कमी दाखवतं. वाटी ६० अंशांच्या पुढे सरकायला लागली की त्रास जवळ आला समजायचं. आणि हे मोजमाप इंजिन बंद केल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनीही घ्या. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि वाटी तेव्हाच सगळ्यात जास्त तापते. पेट्रोल भरून परत सुरू न होणाऱ्या गाड्यांची गोष्ट हीच.

वाटी थंड ठेवणं

स्पेसर आणि पत्रा, दोन्ही लागतात. स्पेसर ८ ते १० मिमी जाडीच्या हायलमचा (उष्णता सहज न जाऊ देणारी कडक लॅमिनेट शीट). वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत कुठलाही लेथवाला कार्बचं पॅकिंग नमुना म्हणून घेऊन कापून देतो. भोक मॅनिफोल्डच्या भोकाएवढंच हवं. लहान राहिलं तर पायरी होऊन पेट्रोल साचतं. स्पेसर जितका जाड तितके स्टड लांब करावे लागतात. ते इंची आट्याचे आहेत, मेट्रिक स्टड ‘बसतोय’ म्हणून दामटला तर मॅनिफोल्डचे आटे जातात.

पत्रा दीड मिमी अॅल्युमिनियमचा, दोन्ही कार्बखाली मिळून एकच. वाटीच्या कडेपासून सगळीकडे ५० मिमी बाहेर, कडा १० मिमी वर दुमडलेली, एक्झॉस्टपासून किमान १२ मिमी अंतर. लिंकेजसाठी खाच ठेवा. क्रम मात्र असाच: मॅनिफोल्ड, पॅकिंग, हायलम, पॅकिंग, पत्रा, पॅकिंग, कार्ब. बरेच जण पत्रा थेट मॅनिफोल्डवर ठेवून त्यावर हायलम लावतात. मग मॅनिफोल्डची आच पत्र्यात चढते आणि वाटीखाली तापलेला तवा तयार होतो. पत्र्याच्या खालच्या अंगाला सिरॅमिक फायबरचं फॉइलवालं अस्तर लावता येतं. जुन्या गोदामातला अॅस्बेस्टॉस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ओतीव एक्झॉस्टला पट्टी गुंडाळू नये, तडा जातो. खालच्या पाइपला चालते.

नट आवळताना छोटा पाना वापरा आणि आलटून पालटून आवळा. रॉचेस्टर बी जातीच्या कार्बचं अंग आधीच उष्णतेने वाकायला टपलेलं असतं. काढलाच आहे तर झाकण आणि तळ काचेवर पालथे ठेवून ०.१ मिमीचा फिलर आत जातो का बघा. जात असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून सपाट करा, नाहीतर नव्या पॅकिंगनेही तो हवा घेणारच.

नीडल व्हॉल्व्हवरचा दाब गेज लावून मोजा. अडीच ते तीन पीएसआय पुरे. इलेक्ट्रिक पंप आधीच बसलेला असेल तर तो टाकीजवळ हवा, पुढे रेग्युलेटर हवा, आणि ऑइल प्रेशर गेलं की पंपाचा करंट तोडणारा स्विच हवा. फ्लोटची पातळी मॅन्युअलपेक्षा १ मिमी खाली ठेवली तर वाटीत उकळण्याला जागा मिळते. दोन मिमी खाली नेली तर गायमुखच्या चढावर गाडी उपाशी राहील.

पाइपचा मार्ग बहुतेक गाड्यांत कुणीतरी सोयीने वळवलेला असतो. एक्झॉस्टपासून ५० मिमी तरी लांब न्या. तांब्याची नळी वापरू नका, थरथरीने ती कडक होते आणि फ्लेअरपाशी तडकते. पाइपमधल्या वाफेवरचा पक्का इलाज म्हणजे रिटर्न लाइन: कार्बच्या अगदी जवळ, उंच ठिकाणी टी लावा, त्याच्या परतीच्या तोंडात १.५ मिमीचं भोक असलेली पितळी गुल्ली बसवा आणि तिथून नळी टाकीच्या वरच्या भागात सोडा. पेट्रोल सतत फिरत राहतं, वाफ परत टाकीत जाते. लावल्यावर स्लो-रनिंगवर दाब पुन्हा मोजा. दोनच्या खाली घसरला तर भोक १.२ मिमीचं करा. होज आणि पंपाचा पडदा ई२० सोसणाऱ्या रबराचाच हवा, नीडलचं टोक व्हिटॉनचं. जुन्या रबराचा काळा चुरा जेटमध्ये अडकला की नवाच दोष सुरू होतो.

मिश्रण आणि टायमिंग पुन्हा जागेवर आणणं

इथे इंजिनाची रचना समजून घेतली तर प्लगच बोलतात. इनटेकला सहा सिलिंडरांसाठी तीनच तोंडं आहेत: १-२, ३-४ आणि ५-६. एक्झॉस्टला चार: १, २-३, ४-५ आणि ६. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे पुढचा एक, मागचा एक अशी आळीपाळी. दुभागलेल्या एक्झॉस्टचा तो लयदार आवाज त्यातूनच येतो. पण इनटेकचं मधलं तोंड दोन्ही कार्बकडून ओढतं. म्हणून १-२ चे प्लग काळे, ५-६ चे पांढरे आणि ३-४ चे मधल्या रंगाचे दिसले तर दोन कार्ब एकमेकांशी जुळलेले नाहीत. सहाही पांढुरके असतील तर जेट लहान. हायवेवरून आल्यावर सहाही बरे आणि ट्रॅफिकमधून आल्यावर सहाही काळे, तर परत वाटीकडे जा.

जेटचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल सात टक्के जास्त हवं तर भोकाचं क्षेत्रफळ सात टक्के वाढवायचं, व्यास नव्हे. १.४० मिमीच्या जागी १.४५ घातला की काम झालं. जेट ड्रिलने वाढवू नका, आतली चकाकी जाते आणि प्रवाह बेभरवशाचा होतो. मोठा जेट विकत घ्या किंवा रीमरने करून घ्या. कार्टर डब्ल्यू-१ असेल तर मीटरिंग रॉडची जोडणी आधी गेजने तपासा. ती चुकीची असेल तर जेट बदलून हाती काही लागणार नाही. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणारं) लावणार असाल तर एक्झॉस्ट दुभागलेला आहे हे विसरू नका, दोन्ही पाइपांना वेगळा बंग (सेन्सर बसवायचं आट्याचं तोंड) लागतो. लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा) वाचा, कारण त्याला इंधन कुठलं याचा फरक पडत नाही: सरळ चालीत ०.९५ ते १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ च्या आसपास.

कार्ब जुळवण्याआधी हवा घेण्याची एक जागा तपासाच. मॅनिफोल्ड आवळणारे क्लॅम्प इनटेक आणि एक्झॉस्ट दोघांच्या फ्लँजवर एकदम टेकतात. बाहेरून आणलेला इनटेक आणि दुसरीकडचा एक्झॉस्ट यांच्या फ्लँजची जाडी सारखी नसते. जाड फ्लँज आवळला जातो, पातळ तसाच ढिला. व्हर्नियरने मोजा. पाव मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जाड फ्लँज फेस करून घ्या किंवा पायरी केलेला वायसर बनवून घ्या. तोंडातल्या पायलट रिंगा विसरल्या असतील तर मॅनिफोल्ड खाली सरकून बसतो, तेही बघून घ्या. गळती शोधायला रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं जोडावर. शिटी स्पष्ट ऐकू येते. गरम एक्झॉस्टवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मग लिंकेज सोडा. दोन्ही थ्रॉटलचे स्क्रू फक्त टेकतील इतके आणि वर एकेक फेरा. मिश्रणाचे स्क्रू दीड फेरा उघडे. त्याच नळीने दोन्ही घशांचा आवाज सारखा करा, व्हॅक्युम गेज १७ ते २० इंचांवर स्थिर झाला पाहिजे. लिंकेज जोडून १,५०० आरपीएमवर पुन्हा ऐका. स्लोला जुळलेले आणि रेसला फुटलेले कार्ब म्हणजे लिंकेजच्या बुशमध्ये खेळ.

टायमिंग शेवटी. फ्लायव्हीलमध्ये ठोकलेला स्टीलचा छर्रा बेलहाऊसिंगच्या खिडकीत सुईसमोर येतो. २१६ मध्ये तो टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) ५ अंश आधीची खूण आहे. छर्रा पुसून त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, उन्हात टायमिंग लाइट दिसत नाही. २३५ साठी आपल्या वर्षाचा आकडा बघा. जेट बरोबर झाल्यावर मॅन्युअलच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि चढावर नॉक आलं तर दोन-दोन अंशच मागे या. कॉम्प्रेशन साडेसात ते आठच्या घरात असेल तर आजच्या पेट्रोलवर फार मागे यायची वेळ येऊ नये. यावी लागली, तर हेड अंदाजापेक्षा जास्त घासलं गेलंय. ब्युरेटने चेंबर मोजा. २१६ च्या एका सिलिंडरची घुसळ ५९१ सीसी आहे. साडेसातसाठी पॅकिंग धरून वर ९१ सीसी उरले पाहिजेत.

यातलं काहीही करताना मूळ मॅनिफोल्ड, मूळ कार्ब आणि मूळ हेड भंगारात देऊ नका. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांत ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी अपेक्षित आहे. नटबोल्ट सोडून परत जागेवर येईल एवढंच काम करा, म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओच्या तपासणीत पंचाईत होणार नाही.

चाचणी

पहाटे पाम बीचवर घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. वाऱ्यावर वाटी थंडच राहते. मे महिन्यात संध्याकाळी सहाला कापूरबावडी ते गायमुख रांगत जा. तिथे इंजिन दहा मिनिटं बंद ठेवा आणि पॅडल तळाला दाबून, पंप न मारता, सेल्फ द्या. तीन-चार सेकंदांत सुरू झाली तर वाटी सांभाळली गेली. पॅडल सारखं सारखं मारलं तर प्रत्येक वेळी पिचकारी जाते आणि चांगली गाडीही ओव्हर होते.

आणि जुलैत उलटी तक्रार आली तर घाबरू नका. एक्झॉस्टची सगळी आच तोडलेल्या गाड्या पावसाळी सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर पॅडलला अडखळतात, इनटेक मॅनिफोल्डला बाहेरून घाम फुटतो. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढून घेतं. त्यासाठी हीट रायझर परत जोडू नका. इनटेकच्या तळाला पाण्याची प्लेट असेल तर हेडमधून अर्ध्या इंची होजने तिच्यात कोमट पाणी फिरवा आणि मध्ये एक कॉक ठेवा. जूनमध्ये उघडायचा, ऑक्टोबरच्या उन्हाआधी बंद करायचा.